सेमिनरीतील अध्ययन आणि बायबलकथेचे मराठी कथन : राशोल ते अहमदनगर

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मोपदेशकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेस ‘सेमिनरी’ असे म्हणतात. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ रोपे तयार करण्याची जागा, म्हणजे आपल्याकडील रोपवाटिका असा आहे. रोपवाटिकेतील रोप तेथेच वाढवायचे नसते. ते उपटून दुसऱ्या जमिनीत लावायचे असते. सेमिनरीचे प्रयोजनही याच स्वरूपाचे आहे. विद्यार्थ्याने काही वर्षे संस्थेत राहून धर्मग्रंथाचे अध्ययन करावे आणि नंतर गावोगावी जाऊन त्यातील कथा सामान्य श्रोत्यांना सांगावी, अशी ही योजना आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने जुलै १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात अशी संस्था असावी, असा निर्णय केला. त्या निर्णयात अभ्यासविषयांचाही उल्लेख आहे. व्याकरण, गायन, पवित्र शास्त्र, संतांची प्रवचने व उपासनाविधी हे त्यांपैकी प्रमुख होत.

या योजनेत दोन भिन्न कौशल्ये गृहीत धरलेली आहेत. पहिले ग्रंथ वाचण्याचे व समजून घेण्याचे, तर दुसरे तोच ग्रंथ लोकांच्या भाषेत सांगण्याचे. युरोपातही या दोहोंत अंतर होते. भारतात ते अधिक वाढले, कारण अध्ययनाची भाषा पोर्तुगीज, लॅटिन किंवा इंग्रजी राहिली आणि कथनाची भाषा मराठी वा कोकणी असावी लागली.

आपल्या महाविद्यालयांतून हा विषय दोन विभागांत वाटला गेला आहे. मराठी विभागात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ बहुधा भाषेचा नमुना म्हणून आणि मराठीच्या गौरवासाठी अभ्यासले जाते. इतिहास विभागात मिशनरी कार्याचा विचार धर्मांतर, शिक्षणप्रसार व मुद्रणकला या अंगांनी होतो. या ग्रंथांत एक कथा सांगितलेली आहे, ती सांगणारा कोठेतरी शिकला होता आणि ऐकणाऱ्याने त्याच्यापुढे काही अडचणी ठेवल्या होत्या, ही गोष्ट दोन्हीकडे मागे पडते. प्रस्तुत निबंधाचा प्रयत्न या दिशेने आहे.

उद्दिष्टे

१) राशोल व अहमदनगर या दोन केंद्रांच्या आधारे बायबलच्या अध्ययनाचा आणि मराठी कथनाचा परस्परसंबंध तपासणे.
२) या संबंधावर अध्यापनाच्या भाषेचा काय परिणाम झाला, हे पाहणे.
३) बायबलकथेने पुराण व कीर्तन हे मराठी कथनप्रकार कसे स्वीकारले, याचा विचार करणे.

गृहीतक असे की, ज्या काळात अध्ययन आणि कथन एकाच भाषेत जवळ आले त्या काळात टिकाऊ मराठी ग्रंथ निर्माण झाले. आणि जेव्हा संस्थेने श्रोत्यांची भाषा सोडली तेव्हा कथा संस्थेबाहेर जाऊन जगली.

साष्टीतील प्रश्न

गोव्यात ख्रिस्ती शिक्षणसंस्थेचा आरंभ ट्रेंटच्या निर्णयापूर्वीच झाला होता. १५४१ साली स्थानिक व इतर आशियाई तरुणांच्या शिक्षणासाठी गोव्यात सांता फे नावाची संस्था स्थापन झाली. पुढे ती जेज्वीट संघाकडे येऊन सेंट पॉल महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली येथेच आला. साष्टी भागासाठी मडगाव येथे निघालेले जेज्वीट महाविद्यालय पुढे राशोल (रायतूर) येथे हलले. राशोलच्या आजच्या भव्य इमारतीचे बांधकाम १६०६ साली सुरू झाले.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातले. ते ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले आणि १६१९ साली त्यांचे गोव्यातच निधन झाले. ही सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत घालविली व तेथील महाविद्यालयाचे रेक्टरपदही भूषविले. ज्या भूमीत ते आले तेथील परिस्थिती शांत नव्हती. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेज्वीट मारले गेले आणि त्यानंतर ग्रामप्रमुखांना कठोर शासन झाले. जुन्या पोथ्या बाळगणे नवख्रिस्ती लोकांना निषिद्ध होते. ‘ख्रिस्तपुराणा’चा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही. या ग्रंथाचा श्रोता स्वतःची कथा गमावून बसलेला श्रोता आहे.

स्टीफन्स यांनी ही गोष्ट लपविलेली नाही. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग रचला आहे. श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण त्यांना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत तशी पुराणे का करीत नाही? धर्मशिक्षणातील प्रश्नोत्तरे पाठ करून त्याचे समाधान झालेले नाही. त्याला पुराण हवे आहे, म्हणजे सृष्टीच्या आरंभापासून क्रमाने सांगितलेली, ओवीत बांधलेली आणि बसून ऐकता येईल अशी कथा हवी आहे. हा प्रश्न म्हणजे सेमिनरी शिक्षणावर श्रोत्याने केलेली पहिली मराठी टीका होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शिकलेल्या माणसाने निष्कर्ष आणून दिले होते आणि श्रोत्याने कथा मागितली होती.

उत्तरादाखल तयार झालेला ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर असून सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा जुन्या करारातील वृत्तांत आहे. दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वर असून त्यात येशू ख्रिस्ताचे चरित्र आहे. दोन्ही मिळून सुमारे ११,००० ओव्या होतात. छपाई मात्र रोमन लिपीत झाली, कारण मराठी अक्षरांचे खिळे उपलब्ध नव्हते. ते तयार व्हावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोममधील आपल्या संघप्रमुखांस पत्र पाठविले होते.

या ग्रंथाची बांधणी पाहता लेखकाने दोन शाळांत शिक्षण घेतले होते, असे म्हणावे लागते. निवड, क्रम आणि सिद्धांत हे युरोपीय धर्मशास्त्राचे आहेत. संवादाची रचना, ओवीचा छंद, श्रोत्याने मधेच शंका काढणे व वक्त्याने तिचे निरसन करणे ही पद्धती महाराष्ट्रातील पुराणकथनाची आहे. ‘वैकुंठ’, ‘मोक्ष’, ‘मुक्ती’ यांसारखे शब्द ख्रिस्ती आशयासाठी वापरताना त्यांनी मोठे धाडस केले. श्रोत्याला शब्द ओळखीचा वाटतो, पण कथा पुढे जाते तसा त्या शब्दाचा अर्थ सावकाश बदलत जातो. हा बदल व्याख्येने घडत नाही. तो प्रसंगांच्या साखळीने घडतो. अध्ययन आणि कथन यांची भेट येथे झाली आहे.

याच काळात सेंट पीटर यांच्या चरित्रावर एतिएन द ला क्रुआ यांनीही ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६२९ पासून पुढे छापला गेला. क्रुआ यांनी स्थानिक पुराणांचा अभ्यास केला होता, परंतु त्याचा उपयोग त्यांनी बहुतांशी खंडनासाठी केला. स्टीफन्स यांचा ग्रंथ लोकांनी जपला यामागे अनेक कारणे असली, तरी वादापेक्षा कथेवर त्यांनी अधिक विश्वास टाकला हे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

भाषाबंदी आणि कथेचे स्थलांतर

‘ख्रिस्तपुराणा’च्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. त्यानंतर मात्र धोरण पालटले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर थांबवून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषा आत्मसात करण्याचा हुकूम काढला. १७४५ साली गोव्याच्या आर्चबिशपांनी धर्मगुरुपदाच्या उमेदवारांसाठी पोर्तुगीज भाषेचे ज्ञान बंधनकारक केले. उमेदवाराच्या जवळच्या नातेवाइकांनाही ही अट लागू होती. १७५९ साली पोर्तुगीज सत्तेने जेज्वीट संघास हद्दपार केले आणि त्यानंतर राशोलची संस्था धर्मप्रांताची सेमिनरी झाली. आजही ती कार्यरत आहे.

१७४५ च्या आदेशाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. धर्मगुरू होऊ इच्छिणारा तरुण साष्टी वा बारदेशातील खेड्यात वाढलेला असे. त्याची आई ज्या भाषेत बोलत असे तीच भाषा त्याच्या मार्गातील अडचण ठरली. रोप लावायचे ते ज्या जमिनीत, तिचीच माती त्याला लागू द्यायची नाही, असा हा प्रकार होता. दीड शतकापूर्वी त्या ब्राह्मणाने ‘आमच्या भाषेत’ पुराण मागितले होते. आता ती भाषा संस्थेच्या दाराबाहेर थांबली.

परंतु कथा थांबली नाही. गोव्याबाहेर कानडा प्रदेशात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ‘ख्रिस्तपुराणा’ची हस्तलिखिते जतन केली. सतराव्या शतकातील छापील प्रत आज कोठेही उपलब्ध नाही. १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथे प्रसिद्ध केलेली आवृत्ती अशा हस्तलिखितांवरच आधारलेली आहे. विसाव्या शतकात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडन येथील मार्सडेन संग्रहात आढळले. त्यात पोर्तुगीज वळणाच्या अनेक शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली. छापखाना, महाविद्यालय व राजाश्रय हे तिन्ही आधार सुटल्यानंतर हा ग्रंथ घराघरांतील पोथ्यांनी वाचविला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

अहमदनगर : मराठीतील धर्मशिक्षण

दुसरे केंद्र दोनशे वर्षांनंतरचे आणि वेगळ्या पंथाचे आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत आले. बायबलच्या नव्या कराराचे एक मराठी भाषांतर सेरामपूर येथे १८११ सालीच छापले गेले होते. मिशनने आपले स्वतंत्र भाषांतर १८२६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केले. १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मिशनचे केंद्र सुरू झाले आणि १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना १८५४ साली धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली.

याच सुमारास शिक्षणाच्या भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८५४-५५ मध्ये अमेरिकेतील मूळ मंडळाचे सचिव रूफस अँडरसन यांनी भारतातील केंद्रांना भेट दिली. इंग्रजी शिकलेला तरुण खेड्यात परत जात नाही, तो सरकारी नोकरीकडे वळतो. म्हणून उपदेशकांचे शिक्षण मातृभाषेत व्हावे, असे त्यांचे मत होते. या धोरणाने मिशनच्या शाळांतील इंग्रजीचे स्थान आक्रसले. हा निर्णय सर्वांना न्याय देणारा होता असे म्हणता येत नाही. नगर भागातील ख्रिस्ती समाजात महार समाजातून आलेल्या कुटुंबांचे प्रमाण मोठे होते आणि इंग्रजी ही त्यांच्यासाठी गावगाड्यातून बाहेर पडण्याची एक वाट होती. ती वाट अरुंद झाली. मात्र याच निर्णयामुळे धर्मशास्त्राचा अभ्यास मराठीत करणारी एक पिढी नगरला तयार झाली. एकाच धोरणाचे हे दोन परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाने एकत्र पाहावे लागतात.

१८७८ साली रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांनी अहमदनगर येथे थिऑलॉजिकल सेमिनरी सुरू केली. ह्यूम यांचा जन्म १८४७ सालचा, मुंबईतला. मराठी त्यांच्या लहानपणापासून कानावर होती. योगायोग असा की, १८७८ सालीच जर्मनीत युलिउस वेलहाउझेन यांचा इस्राएलच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत वेगवेगळ्या काळांतील लेखनाचे थर आहेत, हे मत त्याने विद्वानांपुढे ठामपणे मांडले. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आरंभी सृष्टिनिर्मितीचे एक नव्हे, दोन वृत्तांत आहेत. एकात मनुष्य सर्वांच्या शेवटी निर्माण होतो, तर दुसऱ्यात त्याच्यानंतर झाडे व प्राणी येतात. सेमिनरीतील विद्यार्थ्यास हे ओळखावे लागते. परंतु खेड्यातील चावडीपुढे उभे राहून कथा सांगताना ती त्याला एकसंध सांगावी लागते. आधुनिक काळातील सेमिनरी शिक्षणाची खरी अडचण येथे आहे. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ हान्स फ्राय यांनी १९७४ साली असे प्रतिपादन केले की, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील चिकित्सेमुळे बायबलमधील कथेला ग्रहण लागले. ‘हे खरोखर घडले काय’ हा प्रश्न इतका मोठा झाला की ‘येथे काय सांगितले आहे’ हा प्रश्न मागे पडला.

नगरच्या श्रोत्यांनी मात्र तिसराच प्रश्न पुढे केला. ज्यांनी ही कथा कधी ऐकलीच नाही त्या आमच्या पूर्वजांचे काय? नवख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने हा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता, कारण त्यात त्याचे आईवडील होते. मृत्यूनंतरही अशा जीवांना संधी असावी, या मताविषयी ह्यूम यांनी १८८६ साली अमेरिकेत रजेवर असताना जाहीरपणे सहानुभूती दर्शविली. परिणामी मूळ मंडळाने त्यांच्या भारतात परतण्यास हरकत घेतली. बरीच चर्चा होऊन १८८७ साली त्यांना परत येता आले. सेमिनरीच्या प्रमुखाचे पद अशा रीतीने पणास लागले. कथा सांगणारा श्रोत्यांत दीर्घकाळ राहिला की श्रोत्यांची वेदना त्याच्या शास्त्रात शिरते, याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

कीर्तनाचा स्वीकार

मंडपात उभे राहून इंग्रजी धर्तीचे प्रवचन देणे हा प्रकार ग्रामीण श्रोत्यास परका होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजली. कृष्णाजी रत्नाजी सांगळे हे या प्रथेतील एक प्रमुख नाव होय. नारदीय कीर्तनाची नमन, पूर्वरंग, उत्तररंग व आरती ही चौकट कायम ठेवून पूर्वरंगात बायबलमधील एखादे वचन वा मराठी पद निरूपणासाठी घ्यावयाचे आणि उत्तररंगात बायबलमधील आख्यान लावावयाचे, अशी ही पद्धती होती.

या चौकटीचा लाभ कोणता, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात उडाऊ पुत्राचा दाखला आहे. सेमिनरीच्या वर्गात त्याचे अध्ययन करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा अशी ही तीन दाखल्यांची मालिका आहे. पापी लोकांच्या पंक्तीस बसल्याबद्दल कुरकुर करणाऱ्या शास्त्री-परूशांना उद्देशून ती सांगितली आहे. अनुवादाच्या पुस्तकातील नियमाप्रमाणे थोरल्या मुलास दुप्पट वाटा मिळे. यहुदी माणसाने डुकरे राखणे ही अधोगतीची सीमा होती. हा सर्व तपशील पूर्वरंगाच्या निरूपणात बसतो. उत्तररंगात मात्र कीर्तनकाराला थोडेच सांगावे लागते. बाप जिवंत असताना धाकट्याने वाटणी मागणे म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी समजावून देण्याची गरज नसते. दुष्काळाचेही तसेच. कथा ज्या समाजात जन्मली तो समाज आणि ती ऐकणारा समाज येथे जवळ येतात.

दाखल्याचा शेवट अधिक महत्त्वाचा आहे. धाकटा घरात आला, मेजवानी सुरू झाली आणि थोरला रागावून अंगणात उभा राहिला. बाप त्याची समजूत घालतो, परंतु थोरला आत गेला की नाही हे कथेत सांगितलेले नाही. प्रवचनकाराला येथे तात्पर्य जोडण्याचा मोह होतो. चांगला कीर्तनकार तो शेवट तसाच ठेवू शकतो, कारण थोरला भाऊ म्हणजे ऐकणाराच आहे. मूळ ग्रंथाच्या काटेकोर अध्ययनाने निघणारा अर्थ आणि आख्यान रंगविण्याच्या जाणकारीने साधणारा परिणाम येथे एकरूप होतात. अध्ययन कथनाच्या आड येते ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागेल. अर्धवट अध्ययन आड येते, पूर्ण अध्ययन कथेकडेच परत नेते.

टिळक दांपत्य आणि पंडिता रमाबाई

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. त्यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ते अहमदनगर येथे आले, सेमिनरीत अध्यापन करू लागले आणि १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. संतवाङ्मयाचा गाढ व्यासंग असलेला कवी सेमिनरीत शिकविण्यास येणे ही घटना मोठी होती. भजन, कीर्तन व अभंग हे प्रकार त्यांनी उपासनेच्या मध्यभागी आणले. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यास आरंभ केला. स्टीफन्स यांच्यानंतर तीन शतकांनी ख्रिस्तचरित्र सांगण्याचा असा मोठा संकल्प मराठीत पुन्हा झाला. १९१७ साली ते मिशनच्या सेवेतून मुक्त झाले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना घेऊन साताऱ्यास राहिले. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते.

ते पूर्ण केले लक्ष्मीबाई टिळक यांनी. लक्ष्मीबाईंनी सेमिनरीत शिक्षण घेतले नव्हते. धर्मोपदेशकाचा अभ्यासक्रम त्या काळी स्त्रियांसाठी नव्हता. मिशनरी स्त्रियांच्या वर्गांत शिकून घरोघर बायबलमधील गोष्टी सांगणाऱ्या ‘बायबल-बाया’ होत्या, पण त्यांची गणना उपदेशकांत होत नसे. लक्ष्मीबाईंचे लेखन-वाचन विवाहानंतर, पतीच्या सहवासात आणि बऱ्याच अडचणींतून झाले. तरीही त्यांनी ६४ अध्यायांची भर घालून हे काव्य सिद्धीस नेले. ते त्यांच्या पश्चात १९३८ साली प्रसिद्ध झाले. ‘स्मृतिचित्रे’च्या कीर्तीमुळे या कामाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. सेमिनरीतील अध्यापकाने आरंभिलेली कथा सेमिनरीचे दार ज्यांच्यासाठी उघडे नव्हते अशा स्त्रीने पूर्ण करावी, यातून कथनाची परंपरा कोणत्या मार्गांनी वाहत होती हे दिसते.

पंडिता रमाबाई यांचे उदाहरण याच्याशी जुळणारे आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत देशभर फिरत असे. रमाबाईंचे बालपण त्या फिरतीत गेले. म्हणजे पुराणकथन ही त्यांची मूळची विद्या होती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य स्त्रियांना कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे निधन एप्रिल १९२२ मध्ये झाले आणि भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. सेमिनरीत शिकविल्या जाणाऱ्या मूळ भाषा त्यांनी स्वप्रयत्नाने मिळविल्या आणि श्रोत्यांचे भान पुराणिकाच्या घरातून आणले.

पदवी शिक्षण आणि पुढील वाटचाल

विसाव्या शतकात धर्मशिक्षणास विद्यापीठीय रूप आले. १८१८ साली स्थापन झालेल्या सेरामपूर महाविद्यालयास डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली पदव्या देण्याची सनद दिली होती. तिच्या आधारे धर्मशास्त्रातील पहिल्या पदव्या १९१५ मध्ये दिल्या गेल्या. महाराष्ट्रात पुढे पुणे हे अशा शिक्षणाचे मोठे केंद्र बनले. कँडी येथील पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यास आली, तर यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली. भारताच्या सर्व भागांतून विद्यार्थी येत असल्याने येथे इंग्रजी माध्यम अपरिहार्य ठरले. त्यामुळे अध्ययनाचा दर्जा उंचावला हे निर्विवाद आहे. मात्र विद्यार्थ्याची व्याख्याने, टिपणे व परीक्षा इंग्रजीत आणि रविवारचा उपदेश मराठीत, असे जुने अंतर नव्या रूपात पुन्हा निर्माण झाले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेस वाव दिला आणि १९६५ साली बायबलचे अध्ययन हा धर्मशास्त्राचा प्राण असल्याचे म्हटले. या बदलाची फळे वसई परिसरात दिसली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन अनेक वर्षे केले आणि २०१० साली ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध केले. २०२० साली उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांचे निधन २०२४ साली झाले. सेमिनरीत घडलेला माणूस मराठी वाचकांशी त्यांच्याच भाषेत बोलला, तेव्हा त्याला वाचकही मिळाला आणि मानही मिळाला.

निष्कर्ष

१) मराठीतील बायबलकथनाचा आरंभ श्रोत्याच्या मागणीतून झाला. ती मागणी जुन्या पोथ्यांवरील बंदीच्या पार्श्वभूमीवर झाली होती. या वाङ्मयाचा गौरव करताना ही पार्श्वभूमीही सांगितली पाहिजे.

२) १७४५ च्या गोव्यातील आदेशाने अध्ययनाची व कथनाची भाषा वेगळी केली. त्यानंतर कथेचे जतन संस्थेबाहेर, कुटुंबांच्या पोथ्यांतून झाले.

३) अहमदनगर येथे मराठीतील धर्मशिक्षणामुळे कीर्तन व काव्य यांना संस्थेत प्रवेश मिळाला. तथापि त्याच धोरणाने दलित ख्रिस्ती तरुणांची इंग्रजी शिक्षणाची संधी मर्यादित केली.

४) संस्थेबाहेरच्या कथनकर्त्यांचे, विशेषतः स्त्रियांचे योगदान मूलभूत आहे. लक्ष्मीबाई टिळक व पंडिता रमाबाई यांच्या कार्याचा विचार धर्मशिक्षणाच्या इतिहासात केला गेला पाहिजे.

५) चिकित्सक अध्ययन आणि प्रभावी कथन यांत मूलतः विरोध नाही. विरोध भाषेच्या व श्रोत्याच्या विस्मरणातून उत्पन्न होतो.

शेवटचा निष्कर्ष केवळ सेमिनरीपुरता मर्यादित नाही. आपणही आपापले विषय एका भाषेतील ग्रंथांतून शिकतो आणि दुसऱ्या भाषेतील विद्यार्थ्यांना शिकवितो. साष्टीतील त्या श्रोत्याने चारशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आपल्या वर्गातील शेवटच्या बाकावरही बसलेला असतो. तो ऐकू आला, तर आपल्याही अध्यापनाची भाषा बदलेल.